वाचनालयाचा थिंकपॅड : प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

मशीन आज पुण्याहून आलं. लीज संपलेले ऑफिसचे लॅपटॉप विकायला निघाले होते, त्यातला एक भाच्याने निवडून आणला. थिंकपॅड टी४८०, २०१८ सालचं मॉडेल. आय५-८३५०यू प्रोसेसर, चार कोअर (काम करणारे गाभे) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे). रॅम ८ जीबी, एकच स्टिक. दुसरा स्लॉट रिकामा. २५६ जीबीची साटा एसएसडी. पडदा १४ इंची पण सगळ्यात साधा, १३६६ बाय ७६८ चा. बॅटऱ्या दोन: एक आत, दुसरी मागून सरकवून बसवायची.

काम असं आहे. वाचनालयात १९६० च्या आधीचे १४० दिवाळी अंक आहेत, साधारण २५ हजार पानं. कागद आता बोटांत चुरतो. पानं स्कॅन करायची आणि टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा प्रोग्राम) वाचून घ्यायची, म्हणजे लेखकाचं किंवा गावाचं नाव टाकलं की पान सापडेल.

कार्यकारिणी नव्या लॅपटॉपला पैसे द्यायला तयार होती. त्या रकमेत मला दोन मशीनं दाखवली गेली. दोन्हींची रॅम बोर्डावर कायमची डकवलेली, बॅटरी आत बंद. आमच्याकडे वाईत वीज जाते, कधी तासभर, कधी दिवसभर. चालू मशीनची बॅटरी बदलता येणं ही माझ्यासाठी चैन नव्हे. अध्यक्षांना म्हटलं, "मला तीन महिने द्या. जुन्यावर करून दाखवते, नाही जमलं तर नवं घेऊ." ते म्हणाले, "तुम्ही लिहून ठेवा सगळं, म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल." म्हणून ही वही.

१६ सप्टेंबर

डेबियन १३ टाकलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी लिनक्सची एक मोफत प्रणाली. ही आवृत्ती ९ ऑगस्टला आली, कर्नल (प्रणालीचा मूळ भाग) ६.१२. वायफायचं फर्मवेअर आता इन्स्टॉलरमध्येच असतं (डेबियन १२ पासून), त्यामुळे नेटसाठी मोबाइल जोडून बसावं लागलं नाही. कीबोर्ड, आवाज, ब्राइटनेसची बटणं, सगळं पहिल्या वेळी चाललं. बोटाच्या ठशाचं यंत्र चालत नाही. ते मला नकोच आहे. मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड.

झाकण मिटल्यावर मशीन खऱ्या गाढ झोपेत जातं, म्हणजे एस३. रात्रभर मिटून ठेवलं, सकाळी ६ टक्के उतरलं होतं. चालेल.

बॅटऱ्यांची तब्येत कर्नलच सांगतो. कारखान्यातून निघताना किती वॉट-तास मावत होते आणि आज किती मावतात, दोन्ही आकडे फाइलमध्ये असतात. आतली: २४ पैकी १७. मागची: २४ पैकी ९. मागची म्हातारी झाली. टीएलपी (वीज वाचवायचा प्रोग्राम) बसवून दोन्हींना ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायला सांगितलं. दिवसभर टेबलावर वायर लावून ठेवलेली बॅटरी शंभरावर कोंडून राहिली की लवकर मरते.

२१ सप्टेंबर, रविवार

आजची नोंद महत्त्वाची, सावकाश लिहिते.

शंभर पानांचा गठ्ठा, ३०० डीपीआय (स्कॅनमध्ये दर इंचाला इतके ठिपके), टेसरॅक्टला एकामागून एक दिला. लागली २४ मिनिटं. चारही कोअर बऱ्यापैकी भरलेले दिसत होते, म्हणजे मशीन जीव तोडून काम करतंय आणि तरी इतका वेळ. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, प्रोसेसर सात वर्षं जुना आहे, यापेक्षा जास्त नाही निघणार. नवाच घे ना."

मला ते पटलं नाही. कोअर भरलेले दिसणं वेगळं आणि काम होणं वेगळं. टेसरॅक्ट एकाच पानासाठी चार थ्रेड उघडतो, आणि ते एकमेकांची वाट बघत जागेवर फिरत राहतात. एका ओळीचं काम चौघांत वाटून फारसं काही साधत नाही. आमच्या लग्नघरात एका पाटावर चौघी पुऱ्या लाटायला बसल्या की होतं तसं. प्रत्येकीला वेगळा पाट दिला की पुऱ्या भराभर होतात.

म्हणून ओपनएमपीची (काम थ्रेडांत वाटणाऱ्या सोयीची) थ्रेड मर्यादा एकवर आणली, म्हणजे एका पानाला एकच थ्रेड, आणि एका वेळी चार पानं चालू केली. तोच गठ्ठा, तेच मशीन. आठ मिनिटं.

एक रुपया न घालवता वेग तिप्पट झाला. आठ पानं एकदम देऊन बघितली, फरक किरकोळ. कोअर शेवटी चारच आहेत. चारवर ठेवलं.

यापुढे कुठलाही भाग विकत घ्यायच्या आधी, आत्ता नेमकं काय अडतंय ते मोजून वहीत लिहायचं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

वडील सुतार होते. आजच्या दिवशी करवत, रंधा, पटाशी, गिरमिट, सगळं पुसून पाटावर मांडायचे. आज मी त्यांच्या पटाशीशेजारी फिलिप्सचा छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि पूजेनंतर मशीन उघडलं.

आधी मागची बॅटरी काढली. मग बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना चालणारा मूळ प्रोग्राम) जाऊन आतली बॅटरी बंद केली. त्यासाठी तिथे पॉवरखाली पर्यायच आहे, आणि चार्जर पुन्हा लावला की ती आपोआप जिवंत होते. तळाच्या झाकणाला सहा स्क्रू. ते सैल होतात पण झाकणातच अडकून राहतात, त्यामुळे हरवायचा प्रश्न नाही. ज्याने हे ठरवलं त्याने कधीतरी गालिच्यावर बसून स्क्रू शोधले असणार. दुरुस्तीचं पूर्ण मॅन्युअल कंपनीने फुकट खुलं ठेवलं आहे. कुठला भाग कशाच्या आधी काढायचा ते चित्रांसकट दिलंय, मी तेच समोर उघडून बसले.

झाकणाच्या कडेच्या क्लिपा मात्र घाई केली की तुटतात. माझ्याकडून उजवीकडची एक तुटली. झाकण घट्ट बसतं, पण तुटली ती तुटली. पातळ प्लास्टिकचं कार्ड बिजागरीच्या बाजूने सरकवत यायला हवं होतं.

फॅनच्या जाळीत धुळीची गादी जमली होती, लोकरीच्या फेल्टसारखी, एका तुकड्यात निघाली. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. स्पिरिटने पुसली, नवी लावली.

आधी: चार पानं सतत चालू असताना ९४ अंश, आणि पाच मिनिटांनी वेग १.९ गिगाहर्ट्झवर घसरायचा. आता: ८१ अंश, वेग २.६ ला टिकतो. शंभर पानं साडेसहा मिनिटांत. खर्च पेस्टच्या नळीचा.

५ ऑक्टोबर, रविवार

अनुस्वार गळतायत.

१९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. आमचे अंक त्याच्या आधीचे, म्हणजे 'घरांत', 'करणें', 'त्यांत' असं सगळं ठिपक्यांनी भरलेलं. टेसरॅक्टच्या निकालात अर्धे ठिपके नाहीत. शोधाला फारसं बिघडत नाही, पण छापलं होतं तसं जपणं हाच तर उद्देश आहे.

छपाईच्या झिजलेल्या खिळ्यांचा ठिपका ३०० डीपीआयला जेमतेम तीन पिक्सेलचा होतो. ४०० केलं, चार झाले. तरीही गळती चालूच. दुपारभर शोधल्यावर कळलं, ठिपके टेसरॅक्टपर्यंत पोचतच नव्हते. स्कॅन केलेली पानं नीट करायच्या प्रोग्राममध्ये, स्कॅनटेलरमध्ये, डाग पुसायची सोय असते. कागदावरचे काळे कण म्हणून ती माझे अनुस्वार पुसत होती. पान स्वच्छ दिसत होतं, आणि म्हणूनच मला संशय आला नाही. ती सोय बंद केली. डाग राहिले तरी चालतील. ४०० डीपीआय कायम ठेवलं, झिजलेल्या टाइपाला त्याचा फायदा दिसतो.

मूळ स्कॅन मी कधीच पुसत नाही, त्यामुळे आधीची तेरा अंकांची पानं पुन्हा स्कॅन करावी लागणार नाहीत. फक्त स्कॅनटेलरमधून पुन्हा काढायची आणि पुन्हा वाचायची. कधी करायचं ते बघू.

४०० मुळे दुसरं दुखणं वर आलं. स्कॅनटेलर, चार टेसरॅक्ट आणि फायरफॉक्स एकदम उघडलं की माउस अडखळतो. व्हीएमस्टॅट (मेमरीचा वापर दाखवणारा प्रोग्राम) लावून बघितलं: स्वॅपमध्ये, म्हणजे रॅम पुरली नाही की डिस्कवर वापरायच्या जागेत, जाणं-येणं सतत चालू. म्हणजे इथे खरोखर रॅम कमी आहे, हे मोजून ठरलं. तूर्त झेडरॅम चालू केली. रॅममधलाच थोडा भाग दाबून, घडी घालून वापरायची युक्ती. अडखळणं बरंच कमी झालं, गेलं नाही.

१४ ऑक्टोबर

आज विंडोज १० चा आधार संपला. काउंटरवरचा आमचा संगणक सातव्या पिढीच्या इंटेलवर आहे, विंडोज ११ त्याला घेत नाही. देवघेवीच्या नोंदी ठेवायला तो अजून उत्तम आहे. त्यावरही डेबियन टाकलं, दोन तासांत काम झालं.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी संपली, आता काय काय बदलायचं याचा हिशेब.

प्रोसेसर बोर्डाला डकवलेला आहे, सुटा बदलता येत नाही. याच मॉडेलचा आय७ चा अख्खा मदरबोर्ड मिळू शकतो. पण त्यातही चारच कोअर, तीच पिढी, तीच १५ वॉटची मर्यादा. आणि मुळात प्रोसेसरची वाट कोण बघतंय? मी आणि मदतीला येणाऱ्या दोन मुली मिळून दिवसाला दोनशे पानं स्कॅन करतो. ती पानं मशीन अर्ध्या तासाच्या आत वाचून टाकतं. आमचे हात हळू आहेत, आणि चुरणाऱ्या कागदाला ते हळूच हवेत. प्रोसेसरचा विषय इथे संपला.

तरी एक लिहून ठेवते. फ्रेमवर्क नावाच्या अमेरिकन कंपनीने २०२१ पासून असे लॅपटॉप विकायला सुरुवात केली की ज्यांचा मदरबोर्ड नव्या पिढीचा घ्यायचा आणि त्याच अंगात बसवायचा. पडदा, कीबोर्ड, बॅटरी जुनीच. कडेची पोर्टंसुद्धा सुटी कार्डं असतात, हवी ती हव्या बाजूला खोचायची. माझ्या थिंकपॅडची वाट जिथे संपते तिथून त्यांची पुढे जाते. हे मशीन ज्या दिवशी खरंच पुरेनासं होईल त्या दिवशी मी त्या रस्त्याने विचार करीन.

लिबरबूट: डिसेंबर २०२४ मध्ये टी४८० ला त्याचा आधार आला. मूळ बायॉस काढून मोकळं फर्मवेअर बसवता येतं, हे मनापासून आवडलं. पण वाचनालयाकडे या कामाचं हे एकच मशीन आहे. चिपवर क्लिप लावून प्रयोग करायची जागा ही नव्हे.

मोबाइल सिमच्या मोडेमसाठी एक छोटा एम.२ स्लॉट आत रिकामा आहे, त्यात ४२ मिलिमीटरची एसएसडी बसते. स्कॅनची दुसरी प्रत तिथे ठेवावी असं आधी वाटलं होतं. पण एकाच मशीनच्या आत दोन प्रती म्हणजे मशीन चोरीला गेलं की दोन्ही गेल्या. त्याऐवजी बाहेरच्या दोन डिस्क, एक वाचनालयात, एक माझ्या घरी.

राहिले तीन: रॅम, बॅटरी, पडदा. रॅमचा भाव ऐकून बसलेच. सप्टेंबरात विचारला होता त्याच्या जवळपास दुप्पट. जगभर डेटा सेंटरसाठी मेमरी उचलली जातेय, त्याची झळ वाईतल्या ग्रंथपालाला. रॅम थांबू शकते, झेडरॅमवर भागतंय. आधी बॅटरी.

९ नोव्हेंबर, रविवार

मागवलेली बॅटरी आली. ७२ वॉट-तासांची म्हणून घेतली. ही मोठी बॅटरी तळातून खाली उतरते, त्यामुळे मागची बाजू थोडी उचलली जाते आणि टायपिंगला बरंच पडतं.

कर्नलने आकडा दाखवला ७२.२. पण तो आकडा बॅटरीतली चिप सांगते, आणि चिपला काय शिकवून पाठवलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून ती स्वतः रिकामी होईपर्यंत उतरवून बघितली. चार पानं सतत चालू, दर मिनिटाला खर्च होणारी वीज फाइलमध्ये लिहिणारी छोटी स्क्रिप्ट. साधारण २० वॉटचा ओढा. दोन तास सहा मिनिटांनी ४१ टक्के दाखवत असताना ती अचानक शून्यावर गेली. मशीन आतल्या बॅटरीवर चालू राहिलं. म्हणजे हातात पडले ४२ वॉट-तास. लेबल खोटं.

आलेख आणि फाइल जोडून विक्रेत्याला पाठवलं, पैसे परत द्यायला ते तयार झाले. घेणाऱ्या प्रत्येकाने हे मोजावं असं मला कळकळीने सांगायचंय. अर्धा दिवस जातो, पण सुमार सेल मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा बरा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

एसटीने पुणे. तापकीर गल्लीत तीन दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानदाराला सरळ सांगितलं की मी घरी जाऊन बॅटरी उतरवून बघणार आणि कमी भरली तर परत आणणार. तो म्हणाला, "आणा ताई, बिलावर लिहून देतो." त्याच्याकडूनच घेतली. शिवाय १४ इंची फुल एचडी आयपीएस पडदा, मॅट, तीस पिनांच्या जोडणीचा. टी४८० च्या साध्या आणि फुल एचडी पडद्यांना तीच तीस पिनांची केबल चालते; त्याहून बारीक डब्ल्यूक्यूएचडी पडद्याला चाळीस पिनांची वेगळी लागते. दुकानात सुट्या केबलला जोडून पडदा पेटवून दाखवला, मेलेला पिक्सेल एकही नाही.

घरी बॅटरी उतरवली: ६९ वॉट-तास. ही खरी.

३० नोव्हेंबर, रविवार

पडदा बदलला. दोन तास लागले, त्यातला दीड तास भीतीचा.

पडदा हवाच का, हेही मोजलं होतं. तपासणीत डावीकडे पानाचं चित्र, उजवीकडे मजकूर, आणि एकेक ओळ डोळ्याखालून घालायची. १३६६ रुंदीत दोन खिडक्या बसवल्या की प्रत्येकीत अर्धीच ओळ. दर इंचाला ११२ पिक्सेल. अनुस्वार आणि कागदावरचा डाग सारखेच दिसतात. एका पानाला सरासरी अकरा मिनिटं लागत होती, आणि संध्याकाळी डोळे चुरचुरायचे.

आतली बॅटरी बायॉसमधून बंद. पडद्याभोवतीची प्लास्टिकची चौकट नखाने आणि कार्डाने हळूहळू सुटी केली. यावेळी एकही क्लिप तुटली नाही, खंडेनवमीचा धडा उपयोगी पडला. पडदा पुढे कीबोर्डवर पालथा निजवला, खाली मऊ फडकं. मागे खालच्या बाजूला केबल, वर चिकटपट्टी. ती सोलून केबल सरळ मागे ओढायची, वर उचलायची नाही. नव्या पडद्याला जोडली, चौकट बसवायच्या आधीच चालू करून बघितलं. लागला. लिनक्सला काहीही सांगावं लागलं नाही, नवा पडदा त्याने स्वतःच ओळखला.

आता १५७ पिक्सेल दर इंचाला. दोन पूर्ण ओळी शेजारी शेजारी बसतात. १९३८ च्या एका अंकातलं पहिलंच पान उघडलं आणि 'घरांत'वरचा ठिपका ठिपक्यासारखा दिसला. आज संध्याकाळी बारा पानं तपासली, सरासरी सात मिनिटं.

सगळ्या बदलांत हा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि पहिल्या दिवशी यादी केली असती तर मी तो सगळ्यात शेवटी लिहिला असता.

तपासताना सापडलेली एक गोष्ट इथेच टिपते. 'दुसऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधाला मात्र दोन वेगळे शब्द. सगळ्या फाइली एकाच तऱ्हेत आणायची स्क्रिप्ट लिहायची आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

भाचा आला. त्याच्या ऑफिसातला एक लॅपटॉप पाणी सांडून मेला होता, वेगळ्याच कंपनीचा. त्याच्या आतली ८ जीबीची डीडीआर४ स्टिक त्याने विचारून मागून आणली. दोन कंपन्या, दोन वेगळी मशीनं, पण स्लॉट एकाच मापाचा. खटकन बसली. मेमटेस्ट (रॅमची तपासणी) रात्रभर चालवली, चार फेऱ्या, एकही चूक नाही.

१६ जीबी. स्वॅप स्थिर. भाच्याने स्वतः स्कॅनटेलर, चार टेसरॅक्ट आणि फायरफॉक्स एकदम उघडून माउस फिरवून बघितला. काही बोलला नाही, पण जाताना त्याच्या घरी पडलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये काय काय बदलता येईल ते विचारत होता.

२१ डिसेंबर, रविवार

दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नसणार हे काल कळलं होतं. स्कॅनर विजेवर चालतो, म्हणजे स्कॅनिंग बंद. त्या अडून राहिलेल्या तेरा अंकांसाठी हाच दिवस धरला. रात्री टीएलपीला सांगून दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून घेतल्या, जुनी छोटीसुद्धा.

११.०५ ला वीज गेली. २३७८ पानं रांगेत: आधी स्कॅनटेलरमधून डाग न पुसता पुन्हा काढणं, मग टेसरॅक्ट.

हे मशीन आधी मागची बॅटरी खातं, मग आतली. २.४० ला मोठी ४ टक्क्यांवर आली. मागच्या दोन खिट्ट्या सरकवल्या, बॅटरी बाहेर काढली. मशीन आतल्या बॅटरीवर, पडदा तसाच पेटलेला, पानांचा आकडा पुढे सरकतोय. जुनी म्हातारी बॅटरी खोचली, तिने पंचवीस मिनिटं दिली. मग आतली एकटी.

दोन्ही मुली शेजारी बसून आकडा मोठ्याने वाचत होत्या. ३.३४ ला २३७८. आतल्या बॅटरीत ४३ टक्के शिल्लक.

वीज ४.२० ला आली. स्कॅनर चालू केला, १९४१ चा अंक घेतला.

बाकी कामं: तुटलेल्या क्लिपेसाठी तळाचं जुनं झाकण कुठे मिळतं ते बघणे. आतली बॅटरी १५ वॉट-तासांच्या खाली गेली की बदलणे. 'दुसऱ्या'ची स्क्रिप्ट.